पोटातलं ओठांवर

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमधल्या मंडपात ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना पुढेमागे झालेलं थोडं नीट लावून घेतलं आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, “आरोग्य.” ते म्हणाले, “वा! मधुमेह की गुडघे?” मी म्हटलं, “पोट.” त्यांनी फळ्यावर ‘पोटाचे आरोग्य’ असं लिहून टाकलं. त्यामुळे बद्धकोष्ठावर एखादा घरगुती उपाय मिळेल म्हणून जे आले असतील, त्यांची आधीच माफी मागते. माझ्याकडे तो नाही. माझा त्रास बरोब्बर उलटा आहे.

१९९९ साली आपल्याला ताबा मिळाला, तेव्हापासून मी इथे आहे. पहिली काही वर्षं सोसायटीच्या सहलींना आले, अंताक्षरीत बसले. मग एकदम बंद झाले. अष्टविनायक झाला, महाबळेश्वर झालं, दिवेआगर झालं, मी कुठेच नव्हते. ‘बँकेतली आहे, शिष्ट आहे’ असं दोन-तीनदा माझ्याही कानावर आलं. आपल्या गॅलऱ्या जवळजवळ आहेत, सगळं ऐकू येतं. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता नाही वाटत. कारण साधं होतं. बसमध्ये संडास नव्हता.

हसा, हसायला हरकत नाही. पण गणपतीच्या मंडपात हा शब्द उच्चारायला मला अठरा वर्षं लागली.

२००६ च्या पावसाळ्यात सुरुवात झाली. शौचाला रक्त पडायला लागलं. जवळच्या एका डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याध म्हणून सांगितलं. मीही सुटकेचा श्वास सोडला, कारण मूळव्याध म्हणजे ओळखीचा शत्रू. आमच्या माहेरी निम्म्या घराला आहे. सुरण खा, ताक प्या, तिखट सोडा. आठ महिने मी हे सगळं इमानेइतबारे केलं. दिवसातून चार वेळा जावं लागायचं ते आठ वेळा झालं, मग बारा. रात्रीही दोन-तीनदा उठायचे. वजन अकरा किलो उतरलं, तर ऑफिसात बायका विचारायला लागल्या, “काय डाएट करतेस गं?”

माझं काम तेव्हा कॅश काउंटरला होतं. ज्यांनी बँकेत कॅशला काम केलंय त्यांना कळेल. केबिन आतून बंद, समोर रांग, ड्रॉवरमध्ये लोकांचा पैसा. ‘जरा आले’ म्हणून उठता येत नाही. मी सकाळचा चहा सोडला, मग नाश्ता सोडला, मग दुपारचं जेवण. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, असा माझा हिशेब. तो साफ चुकीचा होता. या आजारात उपाशी राहिलं तरी रक्त आणि आव पडतच राहतं, वर अशक्तपणा येतो.

आणि लोकल. आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विचित्र वाटत नाही. डोंबिवलीहून फास्ट पकडली की ठाणं येईपर्यंत मी डोळे मिटून बसायचे. लोकांना वाटायचं, बाई जप करतेय. मी पोटाला विनवत असायचे. ठाणे, घाटकोपर, दादर, कुठेकुठे उतरले त्याला गणती नाही. प्रत्येक स्टेशनवर शौचालय कुठल्या टोकाला, तिथली बाई सुटे पैसे मागते का, पाणी असतं का, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी झाली, म्हणजे कोलोनोस्कोपी. निदान झालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मला वाटलं, अल्सर म्हणजे ॲसिडिटीतला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि मराठीत समजावलं. ते मी तुम्हाला सांगते, कारण ते चित्र माझ्याकडे अजून आहे.

आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. काही माणसांत ही फौज आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि मागे हटायचं नावच घेत नाही. त्यातून सूज, जखमा, रक्त. हे मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातच असेल आणि गुदद्वारापासून वर चढत गेलेलं असेल, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये मध्ये मोकळी जागा सोडून आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर असेल, तर तो क्रोन्स. १९३२ साली न्यूयॉर्कमधल्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन लिहिलं, म्हणून ते नाव. दोन्ही मिळून आयबीडी म्हणतात. शेवटचं अक्षर डी, नीट ऐका. आयबीएस वेगळं. त्यातही त्रास होतो, पण आतड्याला सूज आणि जखमा नसतात.

हा आजार संसर्गाचा नाही. माझ्या हातचं खाल्लंत तरी तुम्हाला होणार नाही. तिखट खाल्ल्याने झाला, टेन्शनने झाला, असंही नाही. ताणाने असलेला त्रास वाढू शकतो, ते निराळं. आणि तो पूर्ण जात नाही. औषधाने झोपतो, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. मग कधीतरी जागा होतो.

औषधं आहेत म्हणून मी इथे उभी आहे, हे मी जोर देऊन सांगते. १९५५ साली इंग्लंडमधल्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनचा प्रयोग करून दाखवला. त्याआधी या आजाराच्या जोरदार झटक्यात माणसं दगावायची. आज गोळ्या आहेत, रात्री घ्यायचा एनिमा आहे, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं आहेत, सुईने द्यायची महागडी बायोलॉजिक औषधं आहेत. अगदीच कशाला दाद दिली नाही तर कोलायटिसमध्ये मोठं आतडं काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही आहे, आणि त्यानंतरही माणसं कामावर जातात.

मला स्टेरॉइड सुरू झाले. रक्त थांबलं, भूक लागली, चेहरा गोल गरगरीत झाला. खाली भाजीवाल्यापाशी एक काकू म्हणाल्या, “तब्येत छान सुधारली हो!” मी म्हटलं, “तुमची कृपा.” काय सांगणार? तो गोलवा औषधाचा होता.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. २००९ मध्ये मला दीड वर्ष काहीही त्रास नव्हता. रोजच्या सहा गोळ्या बघून चीड यायची. एका ओळखीच्यांनी एक चूर्ण सुचवलं, ‘मुळापासून जाईल’ म्हणाले. मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, घरी सांगितलं नाही. तीन महिने मजेत गेले. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ६.८ वर आलं आणि मी अकरा दिवस रुग्णालयात होते, रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्रास नव्हता तो गोळ्यांमुळे नव्हता, हे लक्षात नाही आलं का?” नव्हतं आलं. आपल्या पिढीला औषध म्हणजे आजार असेपर्यंत घ्यायची गोष्ट वाटते. बरं वाटतंय आणि तरी रोज गोळी घ्यायची, याला एक वेगळी शिस्त लागते. मला ती मार खाऊन आली.

‘स्वतःची काळजी घ्या’ असं सगळे म्हणतात. म्हणजे नक्की काय करायचं, ते कोणी सांगत नाही. मी काय करते ते सांगते. ते प्रत्येकाला लागू पडेल असं नाही.

एक वही आहे. शंभर पानी, साधी. रोज एक ओळ: किती वेळा, रक्त होतं की नाही, काय खाल्लं, झोप कशी. पाच वर्षांच्या वह्या चाळल्यावर मला कळलं, की माझ्या त्रासाआधी आठवडाभर झोप बिघडलेली असते. आणि दोनदा अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या गोळीनंतर त्रास उसळला होता. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या वेदनाशामकांनी हा आजार चाळवू शकतो. आता डोकं दुखलं तरी आधी विचारते.

खाणं. यावर सगळ्यांना बोलायचं असतं. या आजाराचा सगळ्यांना चालेल असा एक आहार नाही, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. त्रास जोरात असतो तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, लाल भोपळा, केळं. कच्ची कोशिंबीर, सालं, बिया तेवढ्यापुरत्या बंद. बरी असते तेव्हा जवळजवळ सगळं खाते. दूध मला सोसत नाही, ताक सोसतं. दुसऱ्याचं उलटंही असेल. मिसळ गेल्या गुढीपाडव्याला खाल्ली, अर्धी प्लेट, आणि वहीत लिहून ठेवलं: काही झालं नाही.

उपासांचा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, सगळं. साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, आणि दिवसभर रिकामं पोट. सासूबाईंना आजाराचं नाव कधी म्हणता आलं नाही, त्या ‘तुझं ते कोलाटी’ म्हणायच्या. एका संकष्टीला मी त्यांच्यासमोर भात घेऊन बसले आणि मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, “जेव. तुझा उपास मी धरते.” त्यांचा स्वतःचा उपास तर होताच. तेव्हापासून त्या संकष्टीला चंद्रोदयानंतर दोन वेळा नमस्कार करायच्या, एक त्यांचा आणि एक माझा. २०१८ मध्ये त्या गेल्या. माझी कुठली काळजी कोणी घेतली असेल तर ती त्यांनी.

बाकी बारीकसारीक आहे. पर्समध्ये कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल, प्लॅस्टिकची पिशवी. ती पिशवी सहा-सहा महिने उघडत नाही, पण ती आहे म्हणून मी घराबाहेर पडते. ऑफिसात मॅनेजरना मी निदानानंतर चार वर्षांनी सांगितलं. घाबरत, चिठ्ठी लिहून. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला कॅशवरून काढून लोन विभागात बसवलं. चार वर्षं मी उगाच उपाशी राहिले होते. प्राणायाम करते, त्याने मन शांत होतं. आतडं बरं होतं असं मी म्हणणार नाही. आणि मधली दोन वर्षं फार निराश होते तेव्हा समुपदेशकाकडे गेले. तेही औषधच होतं.

कोणी मला ‘फायटर’ म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. लढाई वगैरे काही नसते हो. मंगळवारी गोळ्या संपणार असतील तर सोमवारी आणायच्या, रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही, दर दोन वर्षांनी कोलोनोस्कोपीला जायचं. हा आजार बरीच वर्षं राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठराविक काळाने आत बघावं लागतं. बस, एवढंच.

त्या तपासणीवरून आठवलं. आदल्या दिवशी पोट साफ करायला पावडर घातलेलं लिटर-लिटर पाणी प्यायचं असतं आणि रात्रभर आत-बाहेर. पाणीकपातीच्या उन्हाळ्यात माझी तारीख नेमकी टँकर न आलेल्या दिवशी पडली. घरात दोन बादल्या. आमच्या ह्यांनी मजल्यावर जाऊन फक्त ‘पाणी हवंय’ एवढंच सांगितलं. अर्ध्या तासात दारात नऊ बादल्या आणि एक कळशी होती. कशाला हवंय, एकानेही विचारलं नाही. त्या मजल्यावरचे सगळे आज समोर बसलेत. तेव्हा आभार मानायचे राहिले होते.

आता जे सांगायला उभी राहिले ते. २०१४ चा जुलै. लिफ्ट बंद होती. स्टेशनवरून रिक्षाने आले, पोटात कळ आलेली. तळमजल्यावर पंपरूमच्या मागे आपलं कॉमन शौचालय आहे. आहे, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीतही नसेल. मी धावत गेले तर कुलूप. कुलूप ओढून पाहिलं. मग जिना चढायला लागले. मी राहते चौथ्या मजल्यावर. तिसऱ्याच्या वळणावर सगळं संपलं.

मी तिथेच भिंतीला धरून उभी होते. त्रेचाळीस वर्षांची, बँकेतली बाई. तेवढ्यात जिना झाडणाऱ्या मावशी खालून आल्या. त्यांनी पाहिलं. बादली ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही घरात जा. मी मांजरानं केलं म्हणेन.”

त्यांनी तसं सांगितलंही. दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर सूचना लागली: ‘जिन्यात घाण करणाऱ्या मांजरांना सभासदांनी खाऊ घालू नये.’ ती सूचना मी रोज येता-जाता वाचायचे. त्या बिचाऱ्या मांजरांचं दूध दोन महिने बंद झालं. सोसायटीच्या दप्तरात ती नोंद असेल तर आज ती दुरुस्त करून घ्यावी, ही विनंती. मांजरं निर्दोष होती.

त्यानंतर मी आणखी कुठे जाईनाशी झाले. दहा वर्षं. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता, २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये त्यांनी या कारणाने पद सोडलं. दुसऱ्या वेळी मी टीव्हीवर बघत होते. एवढा मोठा माणूस सगळ्या जगासमोर पोटाच्या आजाराचं नाव घेऊन बोलत होता आणि मी आमच्या मजल्यावरसुद्धा बोलले नव्हते. तरी त्यानंतरही चार वर्षं गप्पच राहिले, खोटं कशाला सांगू?

गप्प राहणं मोडलं ते गेल्या वर्षी. आपल्याच सोसायटीतली एक आई दुपारी दार वाजवून आत आली. तिचा मुलगा बारावीला. पोटात दुखायचं, ताप, वजन उतरलेलं. आधी आतड्याचा टीबी समजून औषधं झाली. आपल्या देशात असं होतं, कारण क्रोन्स आणि आतड्याचा टीबी तपासणीतही एकमेकांसारखे दिसतात, डॉक्टरांनासुद्धा पेच पडतो. मग क्रोन्स निघाला. तिला कुणाकडून तरी माझं कळलं होतं. कुणाकडून ते मी विचारलं नाही, पण मला मावशींचा संशय आहे. ती म्हणाली, “ताई, याने बाहेर जाणंच सोडलंय. क्लासला जात नाही, खाली क्रिकेटला जात नाही. जिन्याची भीती वाटते म्हणतो.”

जिन्याची. मी काही बोललेच नाही बराच वेळ.

तो मुलगा आता मला भेटायला येतो. आम्ही वह्या ताडून बघतो. त्याची वही मोबाइलमध्ये आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी नीट आहे. परीक्षेत केंद्रावर आधी सांगून त्याने दाराजवळची जागा मागून घेतली. ते मात्र त्याने चार वर्षं न थांबता केलं. आज हे सगळं बोलण्याआधी मी त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. तो कोण, हे शोधत बसू नका. शोधलंच तर त्याला ‘हे खा, ते खाऊ नको’ सांगू नका. अंडरआर्म टाकायला एक माणूस कमी आहे, एवढंच त्याला सांगा.

या महिन्याच्या अखेरीस आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मी लेखी सूचना दिली आहे, आजही तोंडी सांगते. तळमजल्यावरच्या शौचालयात सध्या जुन्या मखराचा थर्माकोल, मोडक्या चार खुर्च्या आणि रंगाचे डबे आहेत. ते हलवावेत, नळ दुरुस्त करावा, कडी आतून नीट लागेल अशी करावी आणि बाहेरचं कुलूप काढावं. किल्ली कमिटीकडे मागून मिळते, हे मला माहीत आहे. पण ज्याला गरज असते त्याच्याकडे किल्ली मागण्याइतका वेळ नसतो. प्रोस्टेट झालेल्या काकांनाही ते लागतं, गरोदर सुनांना लागतं, कुरिअरवाल्या मुलांना लागतं, आणि मावशींना लागतं. पंचवीस वर्षं आपला जिना झाडताना त्या कुठे जात असतील, हे मी स्वतःलासुद्धा फार उशिरा विचारलं. साफसफाईचा महिन्याचा खर्च मी काढला आहे, कागद खजिनदारांना दिला आहे. दर फ्लॅटमागे एका वडापावाएवढाही येत नाही.

आरतीची वेळ होत आलीय, ढोलकीवाले खुणा करताहेत. कुणाला शौचात रक्त दिसत असेल, महिना-महिना पोट बिघडलेलं असेल, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर मी घरीच असते. बी विंग, चौथा मजला. चहा मिळेल, पण बिनदुधाचा.